सुताराचा उद्या

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे लग्नपत्रिका कापणं.

मार्च संपत आला होता. उन्हं कलली तरी घर तापलेलंच. सुमन जुन्या पत्रिका बिस्किटाच्या डब्यात जपून ठेवायची. जाड कागद, वर सोनेरी गणपती. ती एकेक पत्रिका पाटावर दाबून धरत होती आणि मी पट्टी लावून मधोमध एक चीर पाडत होतो. चीर अशी, की पुस्तकातली एक ओळ दिसावी, तेवढीच. बाकी पान झाकलेलं. ओळ वाचून झाली की पत्रिका खाली सरकवायची, दुसरी ओळ दिसते. सुमन तिला खिडकी म्हणायची. आमची नात जुई तेव्हा नऊ वर्षांची होती. तिच्यापुढे अख्खं पान ठेवलं की नजर नुसती भिरभिरायची, कुठं बसायचीच नाही. एका ओळीवर मात्र बसायची.

"अर्धा सूत जास्त झाली," सुमन म्हणाली. सूत म्हणजे आमच्या धंद्यातलं माप, इंचाचा आठवा भाग. पंचेचाळीस वर्षं सुताराच्या घरात काढली, तिला माझ्याइतकंच कळायचं.

"चालतं गं."

"चालतं काय? वरच्या ओळीचे उकार दिसतात. पोरगी उकार धरून वर चढते मग." तिनं पुढची पत्रिका काढली, चष्मा वर करून नावं वाचली. "ही घ्या. ह्यांचा काडीमोड झाला. ही आधी कापा."

मी हसलो. आठ दिवसांनी आम्ही हसत होतो. आठ दिवस घरात अबोला होता, तो कशावरून ते पुढं येईलच. पाच खिडक्या झाल्या. तिनं कापलेल्या कागदाच्या पट्ट्यासुद्धा गोळा करून डब्यात ठेवल्या, काही टाकायची सवय नव्हती. मग डब्याचं झाकण लावत म्हणाली, "आता ता स्टूल."

"उद्या सकाळी करतो."

"खयचो उद्या ओ? सुताराचो?"

सुताराचा उद्या कधी येत नाही, हे तुम्हालाही ठाऊक असेल. घरात काम काढलंय नि सुतार वेळेवर आलाय, असं कुणाच्या नशिबी नसतं. मी स्वतः जन्मभर लोकांना उद्या सांगितलंय. दार अर्धं लावून उद्या, ड्रॉवर अडकतोय तर उद्या. पण त्या संध्याकाळी मी खरंच उद्या म्हणत होतो.

*

आता पुन्हा तेच दिवस आलेत. आमच्या नाहूरच्या बिल्डिंगमध्ये परीक्षा आल्या की अख्खा जिना गप्प होतो. टीव्हीचे आवाज बंद. गच्चीवर एका कोपऱ्यात बायकांचे पापड, दुसऱ्या कोपऱ्यात पोरं हातात पुस्तक घेऊन येरझाऱ्या घालत पाठ करतात. पापडांवर पातळ पसरलेलं, चारी टोकांना विटेचे तुकडे. स्टेशनबाहेर कैरीच्या फोडींना तिखटमीठ लावून विकणारी बाई बसायला लागते. सकाळी आया दारात उभ्या राहून पोरांच्या हातावर दहीसाखर ठेवतात. पोरं पेन्सिली तासतात, त्याचा वास जिन्यात येतो. बाकीच्यांना तो शाळेचा वास. मला लाकडाचा. मी जन्मभर त्याच वासात राहिलो.

आमच्या दारात दहीसाखर नाही. जुईची शाळा घरीच आहे.

तिला शाळेतून काढलं ते त्या मार्चच्या आदल्या दिवाळीनंतर. काढलं म्हणजे हाकलून दिलं नाही, गोड बोलून सांगितलं. एका जागी बसत नाही, दुसऱ्यांना बसू देत नाही, वाचताना ओळ गाळते, बाकाखाली जाऊन बसते. सूनबाई प्राजक्ता एका लॅबमध्ये रक्त काढायचं काम करते, सकाळी सहाला घर सोडते. मुलगा जहाजावर, सहा-सहा महिने घरी नाही. प्राजक्तानं पोरीला हॉस्पिटलात दाखवलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी इंग्रजी चार अक्षरं लिहून दिली, एडीएचडी. म्हणाल्या, पोरगी हुशार आहे, लबाड नाही, आळशी नाही, डोकं थांबत नाही एवढंच. औषधाचं पुढं बघू, आधी शिकवायची रीत बदला.

मी काय म्हणालो ते सांगतो. लपवून काय करू? मी म्हणालो, "कार्टीला दोन ठेवून द्या. बसेल गप."

प्राजक्ता रडायला लागली. सुमन भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तुमका मास्तरान कमी दिले? बसलात तुमी?"

मी उठून गॅलरीत गेलो.

कारण मीही बसलो नव्हतो. कुडाळच्या बाजूला आमचं गाव, कौलारू शाळा, एक मास्तर. पुस्तकातली अक्षरं माझ्यासमोर मुंग्यांसारखी चालायची. मास्तरांनी ओल्या निगडीच्या फोकानं पाय सोलून काढले. मी खिडकीतून उडी मारून जायचो. चौथीत बापानं शाळेतून काढून रंध्यावर उभं केलं. रंधा म्हणजे लाकूड तासायचं हत्यार, दोन्ही हातांनी धरून पुढं लोटायचं, मागं घ्यायचं. आणि काय झालं, मी उभा राहिलो. दिवसभर. पुढं, मागं. लाकडाच्या भुशीत घोट्यापर्यंत पाय गेलेले, आई जेवायला हाका मारते ते ऐकू येत नाही. बाप म्हणाला, पोरगं सुधारलं.

मी सुधारलो बिधारलो नव्हतो. अंग हलत होतं म्हणून डोकं थांबलं होतं. पण हे कळायला मला सत्तरी ओलांडावी लागली. सुमनला ते पोरीकडे बघून महिन्याभरात कळलं. "तुमचाच रगात ता," असं ती एकदा म्हणाली होती. मला वाटलं, टोमणा मारते.

*

सातवी शिकलेली बाई, तिनं शाळा काढली. स्वयंपाकघरात, सकाळी साडेआठला.

डॉक्टरीणबाईंनी एक कागद दिला होता. त्यावर चित्रं होती. पोराला मांडीवर ठेवायची वजनाची उशी, वाळू भरलेला ट्रे, वेळ दाखवणारं घड्याळ, हलणारी खुर्ची. सगळं परदेशी दिसत होतं. मी म्हणालो, हे आपल्याला कुठून जमणार? सुमननं कागद डोळ्याजवळ नेला, लांब नेला, आणि म्हणाली, "ह्यातला सगळा घरात आसा."

जुन्या पातळाची पिशवी शिवली, त्यात दोन किलो तांदूळ भरले नि तोंड शिवून टाकलं. जुई वाचायला बसली की ती मांडीवर. पोरीचे पाय शांत व्हायचे. वाळूचा ट्रे म्हणजे आमची पितळी परात, वाळूच्या जागी तांदळाचं पीठ. त्यात बोटानं अक्षर काढायचं, परात हलवली की पुसलं. मला म्हणाली, पॉलिशपेपरचे तुकडे द्या. त्याची अक्षरं कापून पुठ्ठ्यावर चिकटवली. जुईनं त्यावरून बोट फिरवायचं, खरखर लागली की अक्षर बोटाला कळायचं. आणि घड्याळ म्हणजे कुकर. डाळ-तांदूळ लावला की वाचायला सुरुवात. तिसरी शिट्टी झाली की सुट्टी, मग गॅलरीत दहा उड्या मार, जिना उतरून चढून ये, काय वाटेल ते कर. पण तिसऱ्या शिट्टीपर्यंत उठायचं नाही.

"आजी, आज कुकर झोपला का गं?" जुई विचारायची.

"झोपाक नाय. तुझी वाट बघता. वाच."

शाळेची सुरुवात हजेरीनं व्हायची. शाळेनं नाव काढलं हे पोरीच्या मनाला लागलं होतं. बाई सगळ्यांची हजेरी घेते, माझी नाही घेत, असं ती शेवटी शेवटी म्हणायची. म्हणून सुमन परातीत पीठ पसरायची आणि खणखणीत आवाजात पूर्ण नाव घ्यायची, बापाचं नाव, आडनाव, सगळं. घरात विद्यार्थी एकच. आणि जुई पिठात बोटानं लिहायची, हजर. मग परात हलवायची नि दिवस सुरू. पहिले पंधरा दिवस तिला ते लिहिताच येत नव्हतं. ज उलटा यायचा, र कुठं जायचा देव जाणे. पुढं डोळे मिटून लिहायला लागली.

सुमनचं म्हणणं एवढंच होतं, एक पान. "एकदा एक पान पयल्यापासून शेवटापर्यंत आपणहून वाचल्यान की पुस्तक तिचा झाला. मग मी मेलंय तरी चलात." असं बाया बोलतातच. मी लक्ष दिलं नाही.

यंदा त्या तांदळाच्या पिशवीत टोके झाले. परवा मी शिवण उसवली, तांदूळ गच्चीवर उन्हात पसरले. शेजारी दहावीतली एक पोरगी भूगोल पाठ करत फिरत होती. म्हणाली, आजोबा, या तांदळाचं काय करणार? मी म्हटलं, पुन्हा पिशवीत भरणार. ती बघतच राहिली. तांदूळ चाळून भरले, तोंड शिवायला घेतलं. सुमनचा टाका बारीक, मुंगीच्या पावलांसारखा. माझा मोठा, ओबडधोबड. पिशवीच्या एका बाजूला तिची शिवण आहे, एका बाजूला माझी. जुईनं ती मांडीवर घेतली, बोटानं दोन्ही बाजू चाचपल्या, आणि माझी बाजू खाली केली.

*

आता स्टुलाचं सांगतो.

आमच्या स्वयंपाकघरात एक स्टूल होतं. मीच केलेलं, सागाच्या उरलेल्या लाकडाचं, मुलगा लहान असताना. एक पाय मोरीच्या कडेला रोज ओला होऊन होऊन झिजला होता. त्यामुळं ते डुगडुगायचं. कामावर असताना मला घरातलं बघायला सवड नव्हती. रिटायर झाल्यावर दिसायला लागलं. मी म्हटलं, सरळ करून टाकतो. सुमन पटकन म्हणाली, "त्या स्टुलाक हात लावू नकात."

तिनं कारण सांगितलं नाही, मी विचारलं नाही. एवढ्या वर्षांच्या संसारात कारणं सांगायची सवय सुटते. मला वाटलं, माझा हात आता थरथरतो म्हणून नको म्हणते. ते मनात राहिलं.

जुई त्याच स्टुलावर बसून वाचायची. खुर्चीवरून घसरायची, पाटावरून पळायची, पण त्या स्टुलावर बसायची. डुगडुगत. टक, टक, टक. एक ओळ, टक. दुसरी ओळ, टक. मार्चच्या मध्यावर ती पानाच्या अकराव्या ओळीपर्यंत आली होती. पान पंधरा ओळींचं. सुमन मला जेवताना सांगायची, आज अकरा. जणू पोरीनं गड जिंकलाय. मी हं म्हणायचो नि आमटीत भात कालवायचो. त्या टकटकीचा नि अकरा ओळींचा काही संबंध असेल असं माझ्या डोक्यातही आलं नाही. आयुष्यभर रंध्यावर पुढं-मागं हलत राहिलेला माणूस मी, मला ते आधी कळायला हवं होतं.

खालच्या मजल्यावर पाटकरबाई राहतात. त्यांच्या मुलाची बारावी होती. एक दिवस जिन्यात भेटल्या. "काय हो मेस्त्री, अख्ख्या मुलुंडची कपाटं केलीत आणि स्वतःच्या घरात लंगडं स्टूल? सकाळपासून डोक्यावर टकटक. पोराची परीक्षा आहे हो." मागून येणाऱ्या दोघी हसल्या. "सुताराचा उद्या असेल!" एक म्हणाली.

वाईट काही बोलल्या नाहीत. पण मला झोंबलं. लोकांची दारं मी अशी बसवलीत की पावसात फुगून अडकली नाहीत. माझ्या घरात डुगडुगतं स्टूल?

त्या दुपारी सुमन जुईला घेऊन बाजारात गेली होती. मी पेटी उघडली. हात थरथरतो म्हणतेस काय, दाखवतो. झिजलेल्या पायाला खालून सागाचा तुकडा जोडला, आत लाकडी खुंटी घातली, वरून रंधा फिरवला, पॉलिश केलं. जोड शोधून दाखवा म्हटलं असतं तर कुणालाही सापडला नसता. मी स्टूल फरशीवर ठेवलं, वर पाण्याचा पेला ठेवला. पाणी हललं नाही. रिटायर झाल्यापासून इतका खूश झालो नव्हतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरी झाली, कुकर लागला, पिशवी मांडीवर आली. जुई स्टुलावर बसली. बसल्या बसल्या इकडे झुकली, तिकडे झुकली. खाली वाकून पाय बघितले. पुस्तक उघडलं. तीन ओळी वाचल्या आणि पुस्तक भिंतीवर फेकलं. पहिली शिट्टीसुद्धा झाली नव्हती.

"आबा," माझ्याकडे बघून म्हणाली, "हे स्टूल मेलं."

सुमननं स्टूल हातानं हलवून पाहिलं. एकदा, दोनदा.

"कापून टाका ता," ती म्हणाली.

"पन्नास वर्षं मी डुगडुगणारं सरळ केलं. सरळ आहे ते डुगडुगतं करायला मला कुणी शिकवलं नाही."

"पोरगी त्याच्यावर वाचता ओ. हलता म्हणून वाचता."

"मग हे आधी सांगायला काय झालं होतं?"

"हात लावू नकात सांगितलंय ना?"

चूक माझी होती हे मला तिथंच कळलं होतं. पण पाटकरबाईंचं हसणं कानात होतं, आणि तो जोड... तसा जोड मला पुन्हा जमणार नव्हता हे मला माहीत होतं. म्हातारपणी हातून निघालेलं शेवटचं चांगलं काम होतं ते. त्यावर करवत चालवायची? मी हट्टाला पेटलो. आठ दिवस.

त्या आठ दिवसांत सुमननं काय काय केलं. स्टुलाच्या पायाखाली कागदाची घडी ठेवली, ती सरकायची. पोरीला उशीवर बसवलं, गॅलरीच्या पायरीवर बसवलं, स्वतःच्या मांडीवर घेऊन स्वतः पुढंमागं झुलत राहिली, तासभर, पाठ दुखेपर्यंत. ओळी अकराच्या आठ झाल्या, आठाच्या पाच. एकदा जुईनं हजेरीच लिहिली नाही. पिठावर नुसता पंजा मारला. मी गॅलरीत पेपर घेऊन बसलो होतो, बघत होतो, नि उठलो नाही.

माणसं विचारतात, सुमनबाई आजारी होत्या का? नव्हत्या. त्या आठ दिवसांत तिची पाठ दुखत होती, दम लागत होता. ती प्राजक्ताला म्हणाली, पोरीला घेऊन झुलते म्हणून. मीही तेच समजलो. डॉक्टर नंतर म्हणाले की तिचं हृदय केव्हाचंच थकलेलं असणार, स्टुलाचा काही संबंध नाही. डॉक्टर शिकलेले आहेत, ते बरोबर असतील.

*

मग ती पत्रिकांची संध्याकाळ. आणि उद्या.

सकाळी दूधवाल्यानं कडी वाजवली. रोज पहिल्या कडीला उठणारी बाई, तिसऱ्या कडीलाही उठली नाही. मी म्हटलं, अगं, दूध. मग मीच उठलो, दूध घेतलं, गॅसवर ठेवलं नि तिला हलवायला गेलो. दूध उतू जाऊन गॅस विझला, त्याचा वास घरभर झाला, तरी मी तिथंच बसून होतो. प्राजक्ता कामावर गेली होती. जुई दारात उभी राहिली आणि म्हणाली, "आबा, आज शाळा नाही का?"

दुपारपर्यंत सगळं आटपलं. अग्नी मी दिला. मुलगा फोनवर होता, कुठल्या समुद्रात होता कुणास ठाऊक, त्याचा आवाज तुटत होता.

संध्याकाळी माझी मोठी बहीण अक्का भांडुपहून येऊन राहिली होती, तिनं रीत केली. जिथं जीव गेला तिथं जमिनीवर तांदळाचं पीठ पसरायचं, बाजूला दिवा लावायचा, पिठावर टोपली पालथी घालायची. सकाळी टोपली उचलून बघायचं, पिठावर काय उमटलंय. माणसाचं पाऊल उमटलं तर जीव माणसाच्या जन्माला गेला. पाखराची नखं उमटली तर पाखराच्या. अक्कानं परातीतलंच पीठ घेतलं. दुसरं नव्हतं घरात.

जुई कोपऱ्यात बसून बघत होती. तिला कुणी काही समजावलं नाही. सगळे रडत होते, समजावणार कोण?

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्कानं मला हाक मारली. प्राजक्ता होती, पाटकरबाई चहाचा थर्मास घेऊन वर आल्या होत्या. सुतकात आमच्याकडे चूल पेटत नाही, शेजारी आणून देतात. अक्कानं हात जोडले नि टोपली उचलली.

अक्का शाळेत गेलेली नाही. वाकून बघत राहिली, मग म्हणाली, "पाखरू आसा. बघ रे, बारीक बारीक नखां उमटलीहत."

मी चष्मा लावला. चौथी नापास माणूस मी, पण तीन अक्षरं वाचता आली.

हजर.

प्राजक्तानं तोंडात पदर कोंबला. पाटकरबाईंनी थर्मास खाली ठेवला. कुणीतरी "अगोबाई" म्हणालं. आणि दाराआडून जुई म्हणाली, "आजीनं पीठ पसरलं होतं ना. हाक नाही मारली, तरी मी लिहिलं." मग आमची तोंडं बघून घाबरली. "चुकलं का?"

"नाही गं बाय," मी म्हणालो. "बरोबर आहे."

मी उठलो, पलंगाखालून पेटी ओढली, करवत काढली.

"काय करतंस?" अक्का म्हणाली. "सुतकात हत्याराक हात? खुळावलंस काय? लोक काय म्हणतीत?"

"काय म्हणायचं ते म्हणू देत. सुमनचं एक काम राहिलंय."

पण किती कापायचं? वीस-पंचवीस वर्षांत पाण्यानं झिजवलेला पाय, त्याचं माप कुणी घेतलं होतं? मी बिस्किटाचा डबा उघडला. सुमननं ठेवलेल्या पत्रिकांच्या पट्ट्या वरच होत्या. एकेकीचे तीन तुकडे करून दोन दोन स्टुलाच्या बाकीच्या तीन पायांखाली ठेवले. जोडलेला पाय तेवढा अधांतरी राहिला. जुईला म्हटलं, बस.

बसली. झुकून पाहिलं. "नाही. अजून."

आणखी दोन दोन. "अजून, आबा."

आणखी एकेक. ती बसली, इकडे झुकली, तिकडे झुकली. टक. तिचा चेहरा बदलला. मी पट्ट्यांची जाडी पेन्सिलीनं पायावर आखली. पट्ट्या काढल्या, स्टूल आडवं केलं, गुडघ्याखाली दाबलं. करवत पहिल्यांदा आखणीवरून घसरली. प्राजक्ता येऊन समोर बसली नि तिनं स्टूल घट्ट धरलं. सुतकात करवतीचा आवाज फार मोठा येतो. सागाची भुशी फरशीवर पडली, वास आला. मी केलेला तो जोड कुठं होता ते मलाही दिसलं नाही, नुसती एक चकती निघून पडली, पातळ, तळहाताएवढीही नाही. मी ती खिशात टाकली.

पन्नास वर्षांत मुद्दाम वाकडी केलेली एकच वस्तू. सुमन, उद्या झाला गं. एक दिवस उशिरा झाला.

जुई स्टुलावर बसली. तांदळाची पिशवी मांडीवर घेतली. पुस्तकावर खिडकी ठेवली, तीच, अर्धा सूत जास्त झालेली. टक, टक, झुलून पाहिलं. पाटकरबाई तिथंच उभ्या होत्या. मग पोरीनं मान वर केली.

"आबा, कुकर?"

चूल बंद होती. गॅसवर काही नव्हतं. सगळे एकमेकांकडे बघायला लागले.

मी ओठांचा चंबू केला. पहिली शिट्टी वाजलीच नाही, नुसती हवा गेली. अक्का कपाळावर हात मारून घेत होती, कालच बायकोला पोचवून आलेला म्हातारा सकाळी शिट्ट्या मारतोय. मी ओठ ओले केले, पुन्हा फुंकलं. वाजली. जुईनं मान खाली घातली नि वाचायला लागली. टक, एक ओळ. टक, दुसरी. आठव्या ओळीच्या सुमारास मी दुसरी शिट्टी मारली. अकरावी ओळ झाली. बारावी. पत्रिका खाली सरकत होती.

तिसरी शिट्टी मी वाजवली नाही.